मुलगी बारीक न होता संपणारी कादंबरी : 'डम्पलिन' वाचली आहे का कुणी?

रविवारचा_कट्टा (टिळकवाडी, बेळगाव)

जाड मुलीची गोष्ट म्हटली की तिचा शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो. मुलगी पहाटे पळायला लागते, तळलेलं सोडते, काही महिन्यांनी नव्या कपड्यांत वर्गात शिरते आणि सगळे बघत राहतात. ज्युली मर्फी या अमेरिकन लेखिकेची 'डम्पलिन' (२०१५) ही किशोरवयीन वाचकांसाठीची कादंबरी त्या वाटेला जातच नाही. नायिका पहिल्या पानावर जशी आहे तशीच शेवटच्या पानावर आहे. मधल्या काळात तिची मैत्री तुटते, प्रेम जुळतं, आईशी भांडण होतं, भीती वाटते, ती भीती थोडी कमी होते. वजन तेवढंच राहतं. मला ही कादंबरी एवढी आवडण्याचं पहिलं कारण हेच.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेक्सासमधलं क्लोव्हर सिटी हे कल्पित छोटं गाव. तिथली विलोडीन डिक्सन. तिची आई रोझी तरुणपणी गावची सौंदर्यस्पर्धा जिंकली होती आणि आता तीच ती स्पर्धा चालवते. दरवर्षी त्या दिवशी आपला जुना जिंकलेला झगा अंगात बसावा म्हणून ती खाणं तोडते. विलोडीनला खरं वाढवलं ते लूसी मावशीनं. ही मावशी फार जाड होती, डॉली पार्टन या अमेरिकन गायिकेच्या गाण्यांची वेडी होती, आणि कादंबरी सुरू होण्याआधीच हृदयविकारानं गेलेली आहे. तिच्या सामानात विलोडीनला त्याच स्पर्धेचा एक जुना अर्ज सापडतो. मावशीनं तो कधी दिलाच नाही. मग विलोडीन स्वतःचं नाव नोंदवते.

पण मला सगळ्यात खरी वाटली ती जागा वेगळी आहे. विलोडीन एरवी स्वतःबद्दल बिनधास्त असते. बर्गरच्या दुकानात सोबत काम करणारा बो नावाचा मुलगा तिला आवडतो, आणि त्यालाही ती आवडते. तो जवळ येतो, त्याचा हात तिच्या पाठीवर, कमरेवर जातो आणि ती आखडते. आजवर जी लाज तिला कुणी चिडवूनही वाटली नव्हती, ती कुणीतरी प्रेम केल्यावर वाटायला लागते. स्वतःला स्वीकारणं हे एकदा करून संपत नाही, नव्या माणसासमोर ते पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. हे इतकं नेमकं लिहिलेलं मी आधी कुठे वाचलं नव्हतं.

आमच्या कट्ट्यावर अनगोळ, वडगाव, शहापूर भागातल्या मुली येतात. कुणी मराठी शाळेतल्या, कुणी इंग्रजी, दोघी-तिघी घरी कन्नड बोलणाऱ्या. वाचन इंग्रजीत, चर्चा मराठीत. दोन बैठकांतच टेक्सास मागे पडलं आणि विषय शिवजयंतीच्या मिरवणुकीवर आला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बेळगावात गल्लोगल्लीची मंडळं चित्ररथ काढतात. त्यावर पोरं-पोरी इतिहासातल्या व्यक्ती होऊन उभ्या राहतात आणि अख्खं शहर रात्रभर जागून बघतं. एक मुलगी म्हणाली, "मला जिजाऊ व्हायचं होतं. संवाद मला पाठ होते. मंडळातले दादा म्हणाले, रथावर शोभायला पाहिजे गं, तू मागून आवाज दे." तिनं आवाज दिला. रथावर दुसरी मुलगी ओठ हलवत उभी होती.

खोलीत कुणी बोलेना. मग एकेकीनं सुरू केलं. पोहायला शिकायचंय, पण आधी वजन कमी करू दे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाचायचंय, पण पुढच्या वर्षी. बारीक झाल्यावर फोटो काढीन. बारीक झाल्यावर जीन्स घेईन. पंधरा-सोळाव्या वर्षी या मुलींनी आपलं जगणं पुढे ढकलून ठेवलं आहे, आणि आपण मोठी माणसं त्याला शिस्त म्हणतो याचा मला मनापासून राग येतो.

धागा यासाठी काढला की ही किंवा अशा विषयावरची पुस्तकं मुलींसोबत वाचलेल्यांनी अनुभव लिहावेत. मराठीत किशोरांसाठी धाडस आहे, शाळा आहे, गाव आणि रानही आहे. वाढत्या वयातल्या मुलीच्या अंगाबद्दल मात्र फार थोडं आहे.

---

निपाणीची_लेक

ताई, त्या जिजाऊच्या आवाजानं पोटात कालवलं.

आमच्याकडे निपाणी भागात उलटंही होतं, ते सांगते. माझी आज्जी तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तिच्या दृष्टीनं मुलगी अंगानं भरलेली म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. मी लहानपणी वाळकी होते, तर येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारायची, "हिला घालतासा काय नाही जेवायला?" बारीक म्हणजे गरिबी नाहीतर टीबी. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी वारं फिरलं. ती भरलेली, तर आता तिला ऐकावं लागतं. एकाच अंगणात, एकाच घरात, पंधरा वर्षांत माप उलटं झालं, आणि दोन्ही वेळी चुकीची ठरली ती मुलगीच.

लग्नाच्या बायोडाट्यात उंची असते, वर्ण असतो. आता फोटो 'पूर्ण' मागतात. पूर्ण कशाला, ते सगळ्यांना कळतं.

---

मैदानावरचा_सर

विषय चांगला आहे, पण एक शंका मांडतो. मी खेळ शिकवतो. मुलांचं मैदान सुटलंय, हातात मोबाईल आलाय, बेकरीचे पदार्थ रोजचे झालेत. अशा वेळी "आहे तशी छान आहेस" असं सांगणारं पुस्तक मुलींच्या हाती देणं म्हणजे त्यांना आरोग्याकडे दुर्लक्ष करायला शिकवणं नाही का? त्या कादंबरीतली मावशीसुद्धा हृदयविकारानंच गेली ना? मला मुलींचं भलंच हवं आहे. म्हणूनच विचारतो.

---

दवाखाना_खानापूर

सर, प्रश्न योग्य आहे. मी खानापूर तालुक्यात रुग्ण बघते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

लेखिकेनं मावशीचं मरण लपवलेलं नाही, हे आधी लक्षात घ्या. ती सोपी सुटका तिनं घेतलेली नाही. पण विलोडीनच्या मनात मावशीची आठवण आहे ती गाण्यांची, सोबतीची. आईच्या बोलण्यात तीच मावशी म्हणजे एक धोक्याची सूचना होऊन बसली आहे. एका माणसाचं सगळं आयुष्य त्याच्या मरणाच्या कारणात कोंबायचं का, हा कादंबरीचा प्रश्न आहे, आणि तो डॉक्टरांनाही विचारायला हवा.

आता आरोग्य. उंची-वजनाच्या ज्या आकड्यावर आपण शिक्के मारतो, तो बीएमआय १८३०च्या दशकात केटले या बेल्जियन गणितज्ञानं मांडला. त्याला लोकसंख्येतली सरासरी शोधायची होती, एकेका माणसाची तब्येत नाही. आजचं नाव त्याला १९७२ मध्ये अॅन्सल कीज यांनी दिलं. चाळणी म्हणून तो उपयोगी आहे. आपल्या लोकांना मधुमेहाचा धोका कमी वजनावरच सुरू होतो, म्हणून भारतीयांसाठी २३ च्या पुढे सावध व्हा असं सांगतात. हे मीही सांगते. पण माझ्यासमोर येणाऱ्या मुलींत सगळ्यात जास्त काय दिसतं? फिकट डोळे, धाप, पांढरी नखं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. यात जाड मुलीही येतात. जाड मुलीच्या अंगात रक्त कमी असू शकतं हे घरच्यांना पटतच नाही. ती दमते तेव्हा "हालचाल कर जरा" एवढंच तिला ऐकायला मिळतं.

दुसरी गोष्ट पाळीची. पीसीओएस (संप्रेरकांचा तोल बिघडून पाळीवर परिणाम करणारा विकार) असलेल्या मुलीचं वजन वाढतं, हनुवटीवर केस येतात, पाळी लांबते. तिला वेळेत आणायला हवं. पण ती येत नाही, कारण दवाखान्यात पहिलं वाक्य वजनावर ऐकायला मिळणार याची तिला खात्री असते. लाजेनं वजन कमी झालेली मुलगी मी क्वचित पाहिली. लाजेनं दवाखाना टाळलेल्या पुष्कळ पाहिल्या. तुमच्या मैदानावर न येणाऱ्या मुलींचंही तेच असेल. धावताना अंग हलतं आणि कुणीतरी हसतं. सर, तुम्ही ते हसणं थांबवा, मुली आपोआप पळायला येतील.

---

मैदानावरचा_सर

हसण्याचा मुद्दा पटला. मुलींना धावण्यासाठी वेगळी वेळ मागितली जाते ती का, हे आता नीट समजलं. आरोग्याचा आग्रह मात्र सोडणार नाही.

---

दवाखाना_खानापूर

सोडूच नका. वजनकाट्यावर सगळ्या वर्गासमोर आकडा मोठ्यानं वाचून दाखवू नका, एवढंच.

---

शहापूरची_शिलाई

मी ब्लाऊज, ड्रेस शिवते. एवढं मोठं लिहायची सवय नाही, पण वाचून राहवेना.

मापं घेताना पोरी श्वास धरून उभारत्यात. टेप पोटावर गेली की पोट आत. मी म्हणते, "बाळ, सोड श्वास, नाहीतर लग्नात जेवताना हूक तुटंल." आई शेजारी उभी असती, ती म्हणती, "घट्टच शिवा, म्हणजे कमी करंल." कपडा घट्ट शिवून कुणी बारीक झालेलं मी तरी बघितलं नाही. काखेत काचून वळ उठलेले मात्र बघितलेत. मी दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच माया ठेवते आणि आईला सांगत नाही. पोरगी नंतर एकटी येती, उसवून सैल करून नेती.

रेडिमेडच्या दुकानात मोठ्या मापाचं पुढं टांगत न्हाईत. मागितलं तर आतनं आणून देत्यात, त्यातबी काळं नाहीतर चॉकलेटी. सोळा वर्षाच्या पोरीला गुलाबी घालावंसं वाटत नसंल काय? माझ्याकडं कापड घेऊन या म्हणावं, पाहिजे त्या रंगाचं शिवून देते.

---

अक्कनतंगी

माझी घरची भाषा कन्नड, शिक्षण बेळगावात, मराठी मैत्रिणींमुळे वाचायला-लिहायला शिकले. चुकलं तर सांभाळून घ्या.

आपल्याकडे दोन भाषांच्या लोकांत काय काय वाद चालतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्या अत्तीनं कन्नडमध्ये जे म्हटलं तेच शेजारच्या काकूंनी मराठीत म्हटलं, अगदी त्याच दिवशी, त्याच हळदीकुंकवात. माझा रंग काळा आहे, जाड नाही मी. मला हळद-दूध-बेसन लावायला सांगतात. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली, २०२० मध्ये तिच्या नावातलं 'फेअर' गेलं. आमच्या घरात आरशाशेजारची तिची जागा तशीच आहे.

'डम्पलिन'मध्ये मला विलोडीनपेक्षा तिच्यासोबतच्या मुली जवळच्या वाटल्या. मिली तिच्याहून जाड. अमांडाचे पाय कमीजास्त लांबीचे, खास बूट घालणारी. हॅना दातांवरून चिडवलेली. आणि विलोडीन स्वतः सुरुवातीला मिलीकडे बघून मनात म्हणते की निदान मी हिच्याएवढी नाही. ते वाचताना मी पुस्तक मिटलं होतं. आम्ही काळ्या मुलीही एकमेकींकडे असंच बघतो, कोण जास्त काळी. लेखिकेनं नायिकेला देवी केलं नाही, म्हणून मला ती खरी वाटली.

---

तालमीतला

मुलांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

आमच्या घरात तीन पिढ्या कुस्ती. आनंदवाडीच्या आखाड्यात मोठ्या अंगाचा पैलवान उतरला की लोक उठून उभे राहतात. तेच अंग पैलवानकी सुटल्यावर घेऊन तो बँकेत चिकटला की लोक पोटावर टपली मारतात. माझा भाऊ या दोन्हींतून गेला. आणि मी हाडकुळा. वडील कधी काही बोलले नाहीत, पण दूध, बदाम, तूप ताटात वाढत गेलं आणि अंगाला लागलं नाही. कॉलेजात गेल्यावर पावडरीचे डबे आणले, पोट बिघडलं, पैसे गेले. आता जिममध्ये अठरा-एकोणीस वर्षांची पोरं इंजेक्शनबद्दल कुजबुजतात. मुलींना निदान एक कादंबरी आहे. मुलगा "मला माझ्या अंगाची लाज वाटते" असं म्हणाला तर सीमाभागात कुठल्या गल्लीत ते ऐकून घेतील?

---

दवाखाना_खानापूर

तालमीतला, इंजेक्शनचं ऐकून काळजी वाटली. ती संप्रेरकं असतील तर यकृतावर आणि पुढे मूल होण्यावर परिणाम होतात. त्या मुलांना माझ्याकडे पाठवा, नाव विचारणार नाही.

आरशाचं आणि पडद्याचं नातं दाखवणारा एक अभ्यास सांगते. फिजी बेटांवरच्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरदर्शन पोचलं. तिथे भरलेलं अंग हे मानाचं समजत. अॅन बेकर या अभ्यासकानं दूरदर्शन आल्या आल्या आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींशी बोलून पाहणी केली. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली पहिल्या खेपेला एकही नव्हत्या, तीन वर्षांनी ११ टक्क्यांहून जास्त होत्या. तेव्हा तिथे सगळ्या घरांत संचही नव्हते. आज आपल्या मुलींच्या उशाशी रील्स आहेत.

---

दोन_मुलींची_आई

सगळं वाचलं. मला कादंबरीतल्या आईची बाजू घ्यायची आहे.

रोझी वाईट नाही. तिला एकच वर्ष कुणीतरी बघितलं, टाळ्या वाजवल्या, आणि ते तिच्या रूपामुळे. त्यानंतर आयुष्यानं तिला दुसरं काही दिलं नाही, म्हणून मुलीला द्यायला तिच्याजवळ तेवढंच आहे. मीही मुलीला "दुसरी पोळी घेऊ नको" म्हणते. चिकोडीहून बघायला आलेली मंडळी तिच्या दंडाकडे बघत होती ते मी पाहिलंय. बाहेरच्यांनी बोलण्याआधी घरातच कानावर पडलेलं बरं, निदान बोलणारी आई आहे, असं मला वाटतं. तुम्ही सगळ्या आयांना दोष देता, पण आम्हाला या बाजारातून मुलगी पार करायची असते. पुस्तक वाचून बाजार बंद होत नाही.

---

निपाणीची_लेक

काकी, रागावू नका, धाकट्या बहिणीच्या वतीनं बोलते. बाहेरच्यांचं बोलणं ती घरी येऊन आम्हाला सांगते आणि विसरते. आईचं बोलणं ती कुणाला सांगणार? ते तिच्या ताटात रोज असतं. घरात ऐकून ती बाहेरच्यांसाठी घट्ट होत नाही. उलट बाहेरचे बोलतात ते खरंच असणार, कारण आईसुद्धा तेच म्हणते, असं तिला वाटतं.

बाजार आपल्याला बंद करता येणार नाही हे खरं. पण जेवणाचं ताट तरी बाजारात नको.

---

दोन_मुलींची_आई

हे मी रात्री मोठीला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सकाळी म्हणाली, "आई, ते पुस्तक मागव." मागवते. दंडाचा विषय मी काढणार नाही, पण दाखवण्याचे कार्यक्रम कसे थांबवू ते मला अजून सुचत नाही. त्यावर कुणी लिहिलं तर वाचेन.

---

सीमेपलीकडचा_वाचक

चंदगडहून लिहितोय. कादंबरीवर २०१८ साली चित्रपटही आला, आईची भूमिका जेनिफर अॅनिस्टननं केली आहे. मुलींना आधी तो दाखवला तर इंग्रजी सोपं जाईल का?

आणि शेवटाबद्दल विचारतो. ती स्पर्धा जिंकत नाही, हे माझ्या पुतणीला अजिबात आवडलं नाही. तिचं म्हणणं, एवढं सगळं करून मुकुट दुसरीलाच?

---

रविवारचा_कट्टा

आधी पुस्तक, मग चित्रपट असं मी सुचवीन. बोनं हात लावल्यावर विलोडीन आखडते तेव्हा तिच्या मनात काय चाललंय ते पुस्तकातच नीट कळतं, आणि मुली बोलत्या होतात त्या तिथेच.

शेवटाबद्दल आमच्याकडेही दोन गट पडले. माझं मत सांगते. तिनं मुकुट जिंकला असता तर जाड मुलीला सुंदर ठरवायला पुन्हा त्याच परीक्षकांची सही लागली असती. तिला रंगमंचावर जायचं होतं, ती गेली. मावशीचा अर्ज जिथे अडला होता तिथून ती पुढे गेली. पण पुतणीचा राग खरा आहे, तो समजावून घालवू नका. सोळाव्या वर्षी मुकुट हवासा वाटणारच.

दोन_मुलींची_आई, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. कार्यक्रम थांबवायचं उत्तर माझ्याकडेही नाही. आमच्या एका मुलीच्या घरी एवढं ठरलंय की मुलगा-मुलगी आधी फोनवर बोलतील, पटलं तरच घरी येणं, आणि आल्यावर तिनं चहाचा ट्रे घेऊन यायचं नाही, सगळ्यांसोबत आधीपासून बसायचं. लहान गोष्ट आहे. वडिलांना पटवायला तिच्या काकांना मध्ये घालावं लागलं.

पुढच्या बैठकीला आयांना बोलवायचं मुलींनी ठरवलं आहे. शहापूरच्या शिलाईताई, तुम्ही याल का? मापं घ्यायला नाही, बोलायला. तालमीतला, मुलांसाठी वेगळा गट करायची तयारी असेल तर जागा मी बघते, पण बोलायला त्यांच्यातलाच कुणीतरी हवा.

मिरवणुकीच्या मंडळाशीही बोलणं चालू आहे. संवाद ज्या मुलीला येतात तिनंच रथावर उभं राहायचं, एवढंच आमचं म्हणणं. दोन कार्यकर्ते तयार आहेत, अध्यक्ष अजून नाहीत. वडगाव-अनगोळ भागातल्या मंडळांत कुणाची ओळख असेल तर कळवा, मिरवणुकीच्या बैठका लवकरच सुरू होतील.

रविवारी सकाळी दहा वाजता. ज्यांना इंग्रजी जमत नाही त्यांना पहिली काही प्रकरणं मी मराठीत तोंडी सांगेन.

---

शहापूरची_शिलाई

येते. दहाला नको, अकराला ठेवा. सकाळी गिऱ्हाईक असतंय.